करवत

देवीच्या देवळात तुळईला टांगलेली करवत
रुक्मांगदने उतरवली, लुंगीला पुसली.
एका अंगाला वीस दात, दुसऱ्या अंगाला अठरा.
पुण्याच्या बाईंनी खरवडून
चिमूटभर भुकटी नळीत भरली.
"यातून उठेलही मासा, कधीतरी."

"उठूदे की.
खाडीत गाळ गुडघाभर,
पोहेल कुठं, ते राहूदे.
हा आमच्याच जाळ्यात आलेला.
दात गुरफटले,
बापाने कोयता घातला
आणि करवत देवीला वाहिली, नवसाची.
मी झालो त्याच साली.
आता तो परत आला
तर करवत कोणाची, बाई,
त्याची की देवीची?
आणि मी?"

हर्णैच्या जेटीला भरती लागत होती.
बाई नळी बर्फात रोवत होत्या,
बांगड्याच्या पेटीत.