पुणे तीस

त्या पाकिटावर नाव नव्हतं, गल्ली नव्हती,
'हौदाशेजारी', 'दत्ताच्या देवळामागे' असलं काही नव्हतं.
निळ्या शाईत नुसते सहा आकडे :
४११०३०.

आमच्या भागातली माणसं 'पुणे तीस' एवढंच सांगतात
आणि तेवढ्यावर जगाने आपल्याला शोधून काढावं,
अशी त्यांची रास्त अपेक्षा असते.

ढमढेरे म्हणाले, "पत्ता अपुरा. शिक्का मारा, परत पाठवा."
परत कुठे? मागची बाजू कोरी.

रात्रपाळी. टपाल कमी.
जुन्या मनिऑर्डर फॉर्मच्या पाठीवर मी आकडा मांडला.
शेवटी शून्य, म्हणजे दोन गेले, पाच गेले.
अंकांची बेरीज नऊ, आणि नवाने निःशेष भाग.
आपल्याच अंकांच्या बेरजेने जी भागली जाते
ती हर्षद संख्या, आनंद देणारी.
(पेठेला कळवू नये. पाटी लावतील.)

एक-शून्यात लिहून पाहिली :
एकोणीस खिडक्यांची चाळ, नऊ खिडक्यांत दिवा.
इथेही नऊच.

विभाजक चोवीस. ती स्वतः वगळून
उरलेल्या तेविसांची बेरीज
सहा लाख सत्तावन्न हजार आठशे ब्याऐंशी.
अशीला विपुल म्हणतात,
तुकडे मिळून अख्ख्याहून जास्त भरतात.
आईच्या पाटल्यांची वाटणी झाली तेव्हा
आम्हा चौघी बहिणींच्या हिशेबांची बेरीज
अशीच विपुल आली होती.

दोन, तीन, तीन, पाच बाजूला काढले
आणि तळाशी राहिले
४५६७.
एक-दोन-तीन विसरून
पोराने जिना मधूनच चढायला घ्यावा, तसे.

सात लावले, बाकी तीन.
अकरा, बाकी दोन. तेरा, चार.
सतराला परत अकरा उरले.
ढमढेरे चहा घेऊन आले. "बाकी काय?"
"तेविसाने तेरा," मी म्हटलं.

ते कपातल्या सायीकडे बघत राहिले.
मग खुर्ची ओढून त्यांनी एकतीस घेतले.
"दहा उरतात हो."
त्रेचाळीस त्यांचे, सत्तेचाळीस माझे,
एकोणसाठाला त्यांनी दोनदा खोडलं.
सदुसष्टला थांबलो.
अडुसष्टाचा वर्ग त्या आकड्याच्या पुढे जातो,
तिथून पुढे विचारायचं कारण नसतं.

मूळ संख्या.
एकोणीस दारं वाजवली, दोन, तीन, पाच धरून.
कुणीही "आमचंच आहे" म्हणालं नाही.

साडेचारला पहिली गाडी लागली.
ढमढेऱ्यांनी पाकीट दिव्यासमोर धरलं,
आत एकच घडी घातलेला कागद.
'पत्ता अपुरा' त्यांनी शाईत बुडवला,
बराच वेळ हातात धरला,
आणि पुसून ठेवून दिला.

तारखेचा तेवढा मारला.
तीसच्या खणात ते पाकीट
सगळ्यांत वर ठेवलं.