गणपती झाल्यावर बघू

असं म्हणाले टिळकवाडीतले सर,
असंच म्हणाली हिंडलग्याच्या नव्या बंगल्यातली बाई,
आणि उद्यमबागच्या फौंड्रीचे शेट तर
फोन न उचलता तेच म्हणाले.

तांबडी माती बूट धरून ठेवते.
आज लॉन अंथरली तर उद्या गटारात सापडते.
आषाढात आमचं काम असं बंद.
भरमाणी आणि नागो गेले
खानापुराकडं, भाताच्या लावणीला.
जाताना नागो म्हणाला, "मालक, आम्ही येतो की परत,
खरं तुम्ही तोवर खाणार काय?"

मी काय खाणार हे मालननं वहीत लिहून ठेवलंय.
डाव्या पानावर येणं, उजव्या पानावर देणं,
आणि मधे, शिवण उसवलीय तिथं,
पेन्सिलीची एक ओळ:
मशीनचं पातं. बघणे.

तर पातं काढलं.
वर्षभर लोकांचं गवत कापून बोथट झालेलं,
एका कडेला खाच,
क्लबच्या हिरवळीत कुणीतरी विसरलेल्या चमच्याची.
दगडावर पाणी शिंपत घासत बसलो
दुपारपासून दिवेलागणीपर्यंत.
करंट गेला होता. धार कुठं आली
ते अंगठ्यालाच कळत होतं.

मग काड्या.
दुरांटा, अकालिफा, क्रोटन, कुंपणाबाहेर आलेली जास्वंद
(बाकी मागून आणल्या, ही न मागता).
पेन्सिलीएवढी काडी, खाली तिरपा काप.
दुधाच्या पिशव्या धुऊन, भोकं पाडून
आठशे चाळीस भरल्या.
मालन मोजते तिच्या शाळेतल्या कन्नडात,
ओंदु, एरडु, मूरु,
शंभर झाले की मराठीत एक रेघ.

रेनकोट घालून जुन्या गिऱ्हाइकांकडं गेलो,
कुणी बोलावलं नव्हतं.
कॅम्पात सुभेदार मुतगेकरांच्या अंगणात
मीच दोन वर्षांमागं अंथरलेलं गवत
घोटाभर पाण्याखाली, पिवळं.
चूक माझीच. उतार घराकडं गेला होता.
तेव्हा घाई होती, त्यांच्या घरी लग्न होतं.
काही बोललो नाही. कुदळ घेतली,
भिंतीच्या कडेनं वीतभर चर काढत नेला फाटकापर्यंत.
पाणी आधी थांबलं,
मग विचार करून निघाल्यासारखं निघालं.

"किती झाले?" सुभेदार व्हरांड्यातून.
"काही नाही."
"मग आलास कशाला?"
याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.
चहा घेतला.
मेव्हण्यानं कणबर्गीला प्लॉट घेतलाय,
हे त्यांनी रिकामा कप परत घेताना सांगितलं.

बोर्ड पण याच दिवसांतला.
इराण्णा पेंटर आमच्या पत्र्याखाली बसून रंगवत होता,
वर मोठं कन्नड, खाली मराठी, नियमच आहे तसा.
रवळू कडोलकर हे दोन्हीकडं सहज बसलं.
नावाखालच्या शब्दाशी ब्रश अडला.
त्यानं त्याच्या भाषेत शोधला, मी माझ्या.
बाग म्हटलं तर लहान होतंय,
माळी म्हटलं तर मालन रुसते,
मजुरी म्हटलं तर शेट दार उघडणार नाहीत.
शेवटी दोन्ही लिप्यांत तोच लँडस्केप,
परक्या लग्नात एका बाकावर बसलेल्या
दोन पाहुण्यांसारखा.
इराण्णानं निम्मेच पैसे घेतले.
"उरलेले," म्हणाला, "गणपती झाल्यावर बघू की."

रात्री पत्रा वाजत असतो.
टॉर्च घेऊन मी पिशव्यांकडं जातो.
एखादी काडी उपटून बघावी वाटतं,
खाली काही चाललंय का.
"राहू द्या तिला!" मालन आतून ओरडते,
तिला न बघता कळतं.

काल एक उपटली होती.
टोकाला मूळ होतं,
केसाएवढं, पांढरं, मातीचा एक कण धरलेलं.
घाईनं परत खोचली.
कुठल्या पिशवीत ते आता ध्यानात नाही.
खरं वहीत, आज सकाळी पाहिलं,
आठशे एकोणचाळीस लिहिलंय.