शाईचा दगड

माझं नाव इशी. आमच्याकडे इशी म्हणजे दगड.
पहिल्याच दिवशी पडद्याआडून ते म्हणाले,
"चला, शाईच्या दगडाला सोबत आली."
मी बारा वर्षांची. हसावं की नाही, कळेना.
पडद्याखालून फक्त त्यांचा हात दिसायचा,
अंगठ्याचं नख कायम काळं.

त्यांना मात्र नाव नव्हतं.
गादीवरच्या माणसाला नावाने हाक मारायची नसते;
'आतले', 'वरचे', असं काहीतरी म्हणायचं.
त्यांचं बारसं व्हायचं ते मेल्यावर,
ओ द्यायला ते नसताना.

राजवाडा म्हणजे गळकी सात दालनं.
भांडण दोन घराण्यांचं, जळली राजधानी.
उत्तरेची मातीची भिंत एका पावसात बसली
ती बसलीच.
तिथून कुंभारांची पोरं आत यायची,
संत्र्याच्या झाडाखाली चिखलाची घरं बांधायची.
पहारेकरी ओरडला की आतून आवाज:
"असू दे. त्यांच्या तरी भिंती उभ्या राहतायत."
आणि बिघडलेली पानं पडद्याखालून सरकायची,
होड्या करायला.

गादीवर आले तेव्हा एकविशीतले,
राज्याभिषेक झाला तेव्हा चाळिशी उलटलेली.
मधली बावीस वर्षं पैसे जमत होते.
शेवटी साकाई बंदरातल्या सुकेएमोन दारूवाल्याने
तीनशे माळा नाणी पाठवली
आणि बदल्यात मागितली
त्यांच्या हातची एक कविता, चंद्रावरची,
शिवाय जमलं तर
गोदामाच्या दारावर लावायला चार अक्षरं.
दोन्ही लिहून दिलं.
गोदामाची अक्षरं जास्त देखणी उतरली.
हे मी कुणाला बोलले नाही.

मग मागणी वाढली. भगदाडातून परड्या यायच्या:
तांदूळ, सुके मासे, एकदा पाय बांधलेलं जिवंत बदक.
ज्यांचं कूळ सूर्यापासून मोजतात
त्यांचं पोट असं हातावर आलं.

एक अधिकार तेवढा शाबूत होता,
काळाला नाव द्यायचा.
देवीची साथ आली, वर्ष पुन्हा पहिलं.
नदीने पूल नेला, वर्ष पुन्हा पहिलं.
शेपटीचा तारा नुसता दिसला, तरी.
'शांत', 'दीर्घ' असली अक्षरं निवडायची,
आणि शहरातली माणसं
नव्या वर्षात जुन्याच वेगाने मरायची.
पाचव्यांदा दुष्काळ पडला,
मंत्री अक्षरांची यादी घेऊन आले.
त्यांनी ती घडी घालून परत दिली.
"अक्षरं पुष्कळ आहेत अजून.
मला तोंड उरलं नाही."

त्या रात्रीपासून सूत्रं लिहायला बसले,
दर प्रांताला एक प्रत, भुकेल्यांसाठी.
सोनेरी शाई कुठली, माझीच काळी.
चोवीस झाल्या.
पोचल्या किती, देव जाणे;
जासूदसुद्धा उधारीवरचे.

गेले ते बाराव्या महिन्यात.
थंडी होती हे बरं झालं,
कारण दहनाला पैसे नव्हते.
छत्तीस दिवस ते मागच्या दालनात होते
आणि मी रोज सकाळी शाई उगाळायला जात होते.
दगडात बर्फाची पापडी धरलेली असायची.
मी श्वासाने वितळवायची.
कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.

सदतिसाव्या दिवशी नाव ठरलं.
कुणा जुन्या सम्राटाचंच घेतलं,
पुढे 'नंतरचा' असं जोडून.
म्हणजे नावसुद्धा उसनंच.
लिहायला माझी शाई नेली.

मी भगदाडात जाऊन उभी राहिले
आणि ते नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.
तोंडात बसेना.
कुंभाराची धाकटी काठीने गोठलेली माती उकरत होती.
"कोण ते?"
"ते नाही का, तुला होडीला कागद द्यायचे."
"हां, काळ्या नखाचे," ती म्हणाली,
आणि पुन्हा उकरू लागली.