मिसिंग

उंटखान्याच्या वळणावर कडुनिंबाखाली आमचं गॅरेज.
मे महिना. संध्याकाळचे सात वाजले तरी
पान्याला लावलेला हात मागे यायचा.
डोंगरेबाई पद्मिनी घेऊन आल्या, पंच्याऐंशी सालची,
दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची,
सक्करदऱ्यापासून गचके खात.
"मिसिंग मारते," म्हणाल्या,
आणि जन्मभर भूगोल शिकवलेल्या बोटानं
बॉनेटवर नेमकी जागा दाखवली.
ती चुकीची होती.

पराते उस्तादांनी बॉनेट उचललं.
पूर्वी ते डोळे मिटून ऐकायचे.
रस्त्यानं गेलेल्या मेटाडोरचा कोणता वॉल्व्ह वाजतो
ते स्टुलावरून न उठता सांगायचे.
आज त्यांनी टॅपेट कव्हरवर तळवा ठेवला,
तापल्या पत्र्यावर, बराच वेळ.
"चारातलं एक निजलं हाय."

चालू इंजिनावर प्लगच्या वायरी उपटायच्या, एकेक.
पायात कोरडी रबरी चप्पल, हातात फडक्यांची जाड घडी.
जी उपटल्यावर इंजिन कण्हतं, ती जिती.
जी उपटूनही कोणाला पत्ता लागत नाही, ती मेलेली.
एवढंच शास्त्र.

पहिली.
"फरक पडला?"
"हौ."
दुसरी.
"पडला?"
"पडला उस्ताद, बंदच होत होती."
तिसरी.
मी थांबलो. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.
सहा वर्षं हाताखाली काढली, आज कळलं,
ही परीक्षा नव्हती.
ते खरंच विचारत होते.
"नाई," मी म्हणालो. जरा मोठ्यानं.

प्लग काढला: काळा, ओला, पेट्रोलचा वास.
पहिल्याचा तिसऱ्यात घातला, तिसऱ्याचा पहिल्यात.
तिसरं निजलेलंच.
वायर बदलली. निजलेलंच.
भोकावर अंगठा दाबून सेल्फ मारायला लावला,
हवेनं अंगठा फेकून दिला.
म्हणजे दम आहे.
पेट्रोल आहे, हवा आहे, दम आहे,
आणि तरी हा गडी
आपली पाळी आली की गप्प.

मग लाइट गेली.
अख्ख्या उंटखान्याचे कूलर एकदम थांबले.
त्या शांततेत इंजिनाचं लंगडणं
समोरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.
मी मोबाइलचा टॉर्च लावायला गेलो.
"राहू दे," उस्ताद म्हणाले. "इकडं ये. दिसून रायलं का बे?"
मला काहीच दिसत नव्हतं.
त्यांनी मानेला धरून माझं डोकं खाली वाकवलं.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर,
तिसऱ्या बोंडापासून लोखंडी क्लिपेपर्यंत
एक निळी मुंगी धावत होती.
दिसायची, विझायची, पुन्हा तिथूनच निघायची.
आख्खा दिवस ती तिथंच धावली असणार,
उजेडात.

केसाएवढी चीर. आत कोळशाची रेघ.
या गाडीची नवी टोपी कुठे मिळणार?
भंगारात शोधावी लागेल, गड्डीगोदामला, उद्या.
तोवर ब्लेडनं रेघ खरवडायची
आणि वरून नेलपॉलिश.
"नेलपॉलिश?" मी विचारलं. "आत्ता?"
डोंगरेबाईंनी पर्स उघडली.
तपकिरी फ्रेमचा चष्मा, छत्री, गोळ्यांचं पाकीट,
आणि डाळिंबी रंगाची बाटली.
आम्ही दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

ते सुकेपर्यंत कोणी बोललं नाही.
मग सेल्फ.
उस्तादांचा तळवा कव्हरवर.
मी "हौ" म्हणायच्या आत त्यांची मान हलली.
चारही चालत होती.

"किती झाले?" बाईंनी विचारलं.
"झाली, झाली," उस्ताद म्हणाले, "आता नाई अडत."
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी फडक्याला हात पुसू लागलो.
मग त्या फेरी मारून त्यांच्या उजव्या अंगाला गेल्या
आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात
तोच प्रश्न पुन्हा विचारला.
"दीडशे," उस्ताद म्हणाले.
लगेच.

लाइट अजून आली नव्हती.