रविवार, नऊ बेचाळीस

सक्करदऱ्याच्या लॉनवर, लग्नात,
निखाडेंच्या जावयानं एक वाक्य टाकलं
आणि अख्खी पंगत हसली.
अर्धंच टाकलं होतं त्यानं,
उरलेलं अर्धं सगळ्यांच्या तोंडात आधीच होतं.
मीही हसलो, जरा मागाहून,
ढोल थांबल्यावर वाजलेल्या एकट्या झांजेसारखा.

"काका, तुम्ही पाहिली नाही ती मालिका?"
"नाही बा."
"काय सांगता! तेव्हा तर रस्त्यावर कुत्रंही नसायचं."

कुत्र्याचं मला माहीत नाही.
मी तेव्हा अंबाझरीला असायचो, भार केंद्रात.
रविवारची सकाळ कोणालाच नको असायची,
म्हणून मी घ्यायचो. बदल्यात मंगळवार मिळायचा,
आणि मंगळवारी काहीच नसायचं.

समोर करड्या रंगाची भिंत, तिच्यात काटे,
एक फोन, एक नोंदवही.
नऊ वाजले की काटा खाली यायचा.
इतवारीपासून काटोल नाक्यापर्यंत
मोटारी बंद, मिक्सर बंद, इस्त्र्या बंद,
टीव्ही तेवढे चालू.
जाहिरात लागली की काटा टुणकन वर:
शहर उठलं, टाकीत पाणी चढवायला, चटणी वाटायला.
मी कोराडीला फोन करायचो, "सोडा साठ."
"लागली का बे जाहिरात?" ढेंगरे तिकडून विचारायचा.
त्यानंही पाहिली नव्हती.
आम्ही दोघांनी ती मालिका मेगावॅटमध्ये पाहिली.

मग तो एक रविवार.
जाहिरातीची वेळ झाली, आणि काटा उठलाच नाही.
एक मिनिट. दोन.
मी काचेवर टिचकी मारून पाहिली.
वीस लाख माणसं बसल्या जागी
आणि एकालाही पाण्याची आठवण नाही.
वहीत लिहिलं:
नऊ बेचाळीस ते नऊ सेहेचाळीस, भार स्थिर.
कारण अज्ञात.

पुस्तकाचंही तसंच.
ते हिरव्या पाठीचं,
ज्याच्यासाठी कॉलनीच्या वाचनालयात सतरा जणांची यादी होती.
प्रमिला ते वाचताना रडली, भर मे महिन्यात, दुपारी,
कूलरसमोर, वाळ्याचे ओले शिंतोडे पानांवर.
"काय झालं?"
"तुम्ही वाचलं नाही," ती म्हणाली.
त्या दुपारपुरतं आमचं लग्न दोन खोल्यांचं झालं.
परवा विचारलं, शेवटी काय होतं गं त्यात?
मेथी निवडता निवडता तिनं बराच विचार केला.
"कोणीतरी जातं वाटतं," म्हणाली.
"की येतं."

नातीनं काल मोबाईलवर मालिका लावून दिली.
"आजोबा, घ्या, आता तरी पाहून टाका."
टाकली पाहून, सात भाग, चष्मा पुसत पुसत.
ते अर्धं वाक्य आलं, पूर्ण आलं,
फार काही विनोदी नाही ते.
मग आठव्या भागात
एक म्हातारा फाटकाशी येतो,
कडी हातात धरतो,
आणि वाजवत नाही.
आत दिवा आहे, भांड्यांचा आवाज आहे,
तो नुसता उभा.

"इथे लई बोअर करून राहिले," नात म्हणाली, "पळवू?"
"नको."
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं मी.
एक मिनिट. दोन.
असं होतं तर.
धरमपेठ, महाल, जरीपटका, सगळे याच्यासोबत
कडी धरून उभे होते त्या दिवशी,
आणि त्यांचा धरलेला श्वास
माझ्या बोटाखाली थरथरत होता, काचेमागे,
मला वाटलं, काटा अडकला.

आज मी एकटाच उभा फाटकाशी.
नात केव्हाच दुसऱ्या मोबाईलमध्ये गेली होती.
चौथ्या मिनिटाला म्हाताऱ्यानं कडी सोडली.
तेवढ्यात मागच्या अंगणात प्रमिलानं मोटार लावली,
खोलीतला दिवा किंचित खाली आला,

"सोडा साठ," मी म्हणालो.
"काय?" नात म्हणाली.