एक दात

रॉदरहॅम. रेल्वेच्या कमानीखालचं गॅरेज,
शटरच्या कडीला बोटं चिकटावीत अशी थंडी.
किझाया ऑकली, सुईण, रात्रपाळीवरून थेट आलेली,
किल्ली माझ्या हातावर ठेवते.
"सुरू करताना खुळखुळ्यासारखी वाजते.
आणि हल्ली पाणी पिते फार. गळत तर कुठंच नाही."

तेलाचं झाकण फिरवलं.
आतून लोण्यासारखा पांढुरका थर.
तेलापाण्याची गाठ पडू नये तिथं पडलेली.

मग चारी भोकांत गेज लावून पाहिला:
एकशे ऐंशी. साठ. पासष्ट. एकशे पंच्याहत्तर.
मधले दोघं एकमेकांत श्वास सोडत बसलेत,
सामाईक भिंत पडलेल्या बिऱ्हाडांसारखे.

"खुळखुळ काय, या गाड्यांची असतेच," क्लिफर्ड म्हणाला.
मालक आहे, म्हणू दे.
मी पुढचं कव्हर काढलं,
पहिला पिस्टन माथ्यावर आणून थांबलो.
क्रँक खुणेवर. कॅम नाही.
सैल चेन कधीतरी घसरलेली,
एक दात मागे.

एवढ्यानं काही बंद पडत नाही.
झडप उघडते, जरा उशिरा.
हवा येते, येऊन गेलेल्या क्षणाला विचारत.
गाडी चालते.
चालते म्हणून कोणी विचारत नाही.

हेड उतरवलं, कडेकडून मध्याकडे,
प्रत्येक बोल्ट थोडा थोडा सैल करत.
स्वच्छ पुसलं, सरळपट्टी तिरकी ठेवली
आणि खालून पातळ पानं सरकवून पाहिली.
पाच शतांश, माफ.
सात, जातंय.
दहा,
तेही गेलं, जराशा कुरकुरीनं.
वहीत लिहिलं: वाक, मिलिमीटरचा दहावा.

दहावा.
पेन तिथंच थांबलं.
तीन वर्षांमागं हीथ्रोवर बर्फ,
दोह्याला पुढचं विमान सुटलेलं,
मी कोल्हापुरात पोचलो अकराव्याला.
धाकट्यानं सगळं उरकलं होतं. कावळा
पहिल्या हाकेलाच शिवला म्हणे.
म्हणजे अण्णांचा जीव माझ्यात अडकला नव्हता.
बरंच झालं, म्हणालो मी. म्हणालो खरं.

उद्यमनगरात लेथवर उभे असायचे ते.
जॉब गरम असतानाच अंगठा फिरवायचे,
"दोन केस जास्त आहे, काढ."
मायक्रोमीटर लावून बघावं, तर दोनच केस.

हेड मासबरोला घासायला दिलं.
तिसऱ्या दिवशी आलं, सपाट, करडं.
आरशासारखं करत नाहीत कधी,
गुळगुळीत पृष्ठावर गॅस्केटची पकड बसत नाही.
थोडं खरखरीत ठेवावं लागतं.

नवी चेन, नवा ताणक, नवे बोल्ट.
आता मध्याकडून बाहेर:
आधी पंचवीस, मग साठ अंश, पुन्हा साठ, पुन्हा साठ.
शेवटच्या साठाला पाना कण्हतो,
आणि प्रत्येक वेळी वाटतं, तुटला.

किझाया दारात उभी, कोट चढवलेला.
मेक्सबरोत कुणाचे तरी दिवस भरलेत.
"तारीख उद्याची आहे," ती म्हणते,
"पण तारीख आम्हाला माहीत असते, बाळाला कुठं?"

किल्लीला हात लावायच्या आधी
इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं.
कुठं अडलं तर जोर करायचा नाही.
एक फेरा. कमानीवरून डबे खडखडत गेले,
ते संपेपर्यंत थांबलो.
दुसरा.
खूण खुणेवर आली.

मग किल्ली. आधी थोडा धूर, जुन्या तेलाचा,
आणि त्यानंतर ऐकू येण्यासारखं काहीच नाही.
ती बोनेटवर कान टेकून होती,
सवयच असावी.

संध्याकाळी क्लिफर्ड भंगाराचा डबा उलटा करतो.
ताणलेले बोल्ट पुन्हा वापरत नाहीत,
त्यांचं एकदाच ताणून होतं.
मोजतो. पुन्हा मोजतो.
"दहा होते ना? हे नऊच आहेत."

मी साबण लावून हात धुतोय,
पाणी अजून गरम व्हायचंय.