डेटॉलमधली पलटण

तीन दिवस झाले, पलटण डेटॉलमध्ये बुडून आहे.
लोणच्याच्या बरणीत, तिरपे, एकावर एक,
बावन्न शिपाई आणि एक बिगुलवाला.
वास जिन्याने खाली गेला तशा डोर्लीकर काकू वर आल्या:
"काहून रे, लागलं का कोणाला?"
म्हटलं, नाही, जुना रंग काढून राहिलो.
त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि लग्नाचं काही न विचारता
पहिल्यांदाच परत गेल्या.

दोन हजार चारला रंगवले होते हे.
धंतोलीच्या लॅबमध्ये नवाच लागलो होतो,
दिवसा लोकांच्या दाढा, रात्री सीताबर्डीची लढाई.
पंधरा मिलिमीटरचा माणूस,
अंगठ्याच्या नखावर उभा राहील, कुरकुर न करता.
भाले फुलझाडूच्या काड्यांचे,
पायाखालचा पुठ्ठा साडीच्या खोक्याचा,
घोडे सगळे एकाच तपकिरीत
कारण डबी एकच होती.
आणि कंपनीच्या फौजेचे चेहरे गुलाबी,
बालवाडीच्या भिंतीवर असतो तसला गुलाबी.
कंपनी म्हणजे साहेब, एवढंच ठाऊक.

आता पुठ्ठे काढले. इतवारीतून वॉशर आणले, किलोवर.
भाल्यांना दाताची तार, शून्य पॉइंट चार,
पोरांचे वेडेवाकडे दात जी ओळीत आणते.
वाकत नाही, टोचते मात्र.
परवा तिसऱ्या फळीने माझ्याच अंगठ्यातून रक्त काढलं.
काकू, आता लागलं.

नवतपा सुरू आहे.
कूलरचा वाळा पाणी पितो आणि तहानलेलाच राहतो.
ब्रशच्या टोकावरचा थेंब
चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो.
ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग,
तरी दोन नाकं होईतो साय धरते.

शालिक निमजे म्हणजे माझा शत्रू.
वीस वर्षं कंपनी तोच खेळतो,
दर वेळी टेकडी घेतो, दर वेळी तर्री-पोहे माझ्याकडून.
कागद त्यानेच आणला, पलटणींची यादी:
मद्रासचं पायदळ, बंगालचे घोडेस्वार.
"पाय बे, साहेब मोजून इतके,"
आणि बोटं मिटून घेतली.
"बाकी सारे आपल्यासारखेच.
तू माझ्या माणसांना वीस वर्षं पावडर लावून ठेवली."

लॅबमध्ये दातांची शेडगाईड असते,
सोळा दात ओळीने, ए-वनपासून डी-फोरपर्यंत,
पेशंटच्या ओठाशी धरायची आणि ठरवायचं.
कातडीची नसते.
म्हणून स्वतःचा हात धरला दिव्याखाली,
मनगटाची आतली बाजू, मग बाहेरची.
गेरू, पिवळ्याचा ठिपका, सुईच्या टोकाएवढा काळा.
तेलंगी शिपायाला काळा थोडा जास्त?
का बरं.
उन्हातून चालत आलेलाच होता तोही.
एकच खळगा भरला शेवटी.
आधी भोसल्यांचे, मग ब्रश न धुता
कंपनीचे.

गच्चीवरून खरी टेकडी दिसते,
वर झाडं, पायथ्याशी मेट्रो वळते.
तो किल्ला वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो.
माझा थर्मोकोलचा, फ्रिजच्या खोक्यातून कापलेला,
पलंगाखाली असतो, कधीही ओढा.
मांजर झोपते माथ्यावर, तोफेच्या जागी.

रात्री ट्रेमध्ये सगळे एकत्र ठेवले.
अंगावर अजून काळं अस्तर,
फक्त चेहरे झालेले.
टोप पाहिल्याशिवाय कोण कुठला
मलाच सांगता येईना.

शालिकचा फोन: "झाली का बे माझी माणसं?"
लाल कोट राहिलेत, म्हटलं.
"मग लाव ना लाल."
उद्या, म्हटलं.
आज वाळू दे.